वाचकांचे प्रश्न : ‘रब्बी, आपण कोठे राहता?’

प्रश्न : मी वडगाव शेरीत राहते. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षे मी पेठेतल्या आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) गायकवृंदात गात होते. सतराव्या वर्षी लोणावळ्याच्या युवक शिबिरात प्रभूला जीवन दिले, तेव्हा देव इतका जवळ वाटे की रात्री आपोआप जाग येऊन मी प्रार्थनेला बसत असे. गेली दोन वर्षे सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आहेत. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत पवित्र शास्त्र उघडायला सवड मिळत नाही, आणि मिळालीच तर पहिल्या वचनावरच डोळे मिटतात. कधी कधी मी त्यांच्यावर ओरडते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. आमचे पाळकसाहेब दर रविवारी ‘देवाच्या जवळ राहा’ असे सांगतात. जवळ राहायचे म्हणजे नेमके करायचे काय? मी देवापासून दूर गेले आहे का?

उत्तर : प्रिय भगिनी, सलाम. तुमचे पत्र ज्या कागदावर आहे, त्याच्या मागच्या बाजूला तुम्ही सासूबाईंचे वेळापत्रक आखलेले आहे. सहा वाजता रक्तदाबाची गोळी, आठ वाजता पेज, आणि मग दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस. ज्या ज्या वेळी काम झाले तेथे पेन्सिलीची बारीक खूण. हा कागद चुकून आला की घरात दुसरा कोरा कागद हाताशी नव्हता, हे मला ठाऊक नाही. परंतु पुढची बाजू मी एकदा वाचली आणि मागची तीनदा. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्या मागच्या बाजूवर दिसले, आणि ते तुम्हांला का दिसत नाही, याचाच विचार मी गेला आठवडाभर करीत आहे.

प्रथम ‘राहा’ या शब्दाकडे पाहू, कारण तुमची सारी अडचण त्या शब्दाभोवती आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू द्राक्षवेल आणि फाटे यांचा दाखला देतो आणि शिष्यांना ‘माझ्यामध्ये राहा’ असे सांगतो. मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘मेनो’ हे क्रियापद आहे, आणि चौथ्यापासून दहाव्या वचनापर्यंतच्या अवघ्या सात वचनांत ते दहा वेळा आले आहे. हेच क्रियापद योहानाने पहिल्या अध्यायात एका अगदी साध्या प्रसंगी वापरले आहे. दोन माणसे येशूच्या मागोमाग चालू लागतात, तो वळून ‘तुम्ही काय शोधता?’ असे विचारतो, आणि त्यांना मोठे असे काही सुचत नाही; ती विचारतात, ‘रब्बी (म्हणजे गुरुजी), आपण कोठे राहता?’ मग ती जाऊन त्याचे बिऱ्हाड पाहतात आणि तो दिवस त्याच्याकडे राहतात. वेळ दहाव्या तासाची, म्हणजे दुपारचे चार वाजण्याच्या सुमाराची होती, एवढी नोंद योहान करतो. परंतु त्या घरात काय बोलणे झाले, कोणाला काय जाणवले, याविषयी तो अवाक्षरही काढीत नाही.

या बाबतीत आपली मराठी भाषा भाग्यवान आहे. ‘तुम्ही कोठे राहता?’ असे कोणी विचारले की आपण पत्ता सांगतो, त्या क्षणी आपल्याला काय वाटते आहे ते सांगत नाही. तुम्ही दिवसभर हडपसरला कामाला असलात तरी वडगाव शेरीत ‘राहता’; घरावर रागावलेल्या असलात तरी तेथेच राहता; गाढ झोपेत तर तुम्हांला घराची जाणीवही नसते, तरी तुम्ही तेथेच राहत असता. ‘जवळ राहणे’ याचा अर्थ आपण बहुधा ‘जवळ असल्यासारखे वाटणे’ असा करून घेतो, आणि वाटेनासे झाले की आपले घरच गेले, अशी भीती बाळगतो. लोणावळ्यात तुम्हांला जे वाटले ते खरे होते आणि ती प्रभूचीच देणगी होती, याबद्दल मला शंका नाही. पण ती जाणीव म्हणजे त्या घरातील एका संध्याकाळचा उजेड होता. घराचा पाया तो नव्हता.

येशूने हा दाखला केव्हा दिला, तेही लक्षात घ्यावे. ती वधस्तंभाच्या आदली रात्र होती. ज्यांना तो ‘माझ्यामध्ये राहा’ असे सांगत होता, ते सगळे काही तासांतच पळून जाणार होते आणि पेत्र तर शपथेवर त्याला नाकारणार होता. हे ठाऊक असूनही तो ‘तुम्ही फाटे आहात’ असे म्हणतो. ‘तुम्ही नीट वागलात तर फाटे व्हाल’ असे म्हणत नाही. त्यांचे फाटे असणे त्यांच्या पकडीच्या जोरावर अवलंबून नव्हते, म्हणूनच ते परत येऊ शकले.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. मी काही वर्षे जुन्नर तालुक्यात सेवेत होतो. (छाटणीच्या वेळी माळ्याचा हात वेलीच्या सर्वांत जवळ असतो, हे वाक्य प्रवचनांत ऐकून तुम्ही कंटाळला असाल, मला ते सांगायचे नाही.) आमच्या मंडळीत एक बागायतदार होते. एप्रिलमध्ये त्यांची खरड छाटणी होत असे. वर्षभराच्या काड्या ओलांड्यापाशी, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीपाशी, एकदोन डोळे (कळ्या) ठेवून कापून टाकतात, आणि भर उन्हाळ्यात बाग इतकी उघडी होते की नवख्या माणसाला ती मोडीत काढल्यासारखी वाटावी. पुढे नव्या काड्या फुटतात, पाने येतात, पावसाळा जातो, पण फळाचा कुठे मागमूस नसतो. घड दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मी एकदा त्यांना म्हणालो, ‘म्हणजे ऑक्टोबरला फळ धरते.’ त्यांनी मान हलवली आणि एका काडीवरचा डोळा नखाने दाखवून म्हणाले, ‘पाळकसाहेब, घड यात कधीच बसलाय. उन्हाळ्यातच.’ ते खरे होते. एप्रिल छाटणीनंतरच्या दीडदोन महिन्यांत, कोवळ्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होत असतो. ऑक्टोबर छाटणीपूर्वी जाणते बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेतात, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कोणत्या डोळ्यावर छाटायचे ते ठरवतात. बांधावरून बाग पाहणाऱ्याला मात्र त्या काळात नुसती पाने दिसतात.

तुमच्या या दोन वर्षांत नेमके काय घडते आहे, हे मी सांगू शकत नाही आणि सांगण्याचा अधिकारही मला नाही. पण ज्या ऋतूत काही दिसत नाही त्या ऋतूत काही घडतच नाही, असा निष्कर्ष आपण स्वतःच्या आत्म्याविषयी फार घाईने काढतो.

तुम्ही गायकवृंदातील आहात, म्हणून एका गायकाची साक्ष काढतो. आसाफ हा दाविदाने नेमलेल्या गायकांचा प्रमुख होता; कराराच्या कोशापुढे झांजा वाजवण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याच्या नावावर असलेले त्र्याहत्तरावे स्तोत्र या आठवड्यात वाचा, आणि डोळे मिटत असतील तर मुलांपैकी कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. देवाच्या सेवेत आयुष्य घालवलेला हा माणूस तेथे कबूल करतो की आपले मन कडू झाले होते आणि आपण देवापुढे एखाद्या जनावरासारखे झालो होतो. आणि लगेच पुढच्याच वचनात तो म्हणतो की असे असूनही मी सतत तुझ्याजवळ आहे, कारण तू माझा उजवा हात धरला आहेस. मी तुझा हात धरला आहे, असे तो म्हणत नाही. याच स्तोत्राच्या शेवटी, देवाजवळ असणे यातच माझे कल्याण आहे, असे ते प्रसिद्ध वचन येते. आपण ते चौकटीत घालून भिंतीवर लावतो आणि त्याच्या आधीचे जनावर विसरून जातो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर याहून पुढे जाते. त्याचा शेवट अंधारातच होतो, सुटकेचा एक शब्दही न येता, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात ठेवले गेले आहे. ज्याला देव दूर वाटतो, तो ती तक्रार देवाकडेच करीत असेल, तर तो दूर गेलेला नाही, असे मला ठामपणे वाटते. वधस्तंभावरून ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे विचारणाऱ्याला आपण प्रभू म्हणतो.

अलीकडच्या काळातील उदाहरणे हवी असतील तर मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सेवेची बहुतेक सर्व वर्षे त्यांनी देवाच्या सान्निध्याच्या जाणिवेविना काढल्याचे जगाला कळले. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, 1889 साली त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. आणि तरीही त्यांनी आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. या वाक्याने एके काळी मी फार अस्वस्थ होत असे. आता मला त्यात वेगळेच दिसते. त्या कोरड्या वर्षांतही रमाबाईंच्या दारी आलेल्या विधवा मुलींना जेवण मिळत होते आणि अक्षरे गिरवायला पाटी मिळत होती, आणि ते काम देवाने नाकारले नाही.

आता तुमच्या ओरडण्याविषयी. त्याला मी ‘चालायचेच’ म्हणणार नाही, कारण तुम्ही स्वतः तसे म्हणत नाही. पाप आपल्यात आणि देवात अंतर पाडते, हे यशया संदेष्टा स्पष्ट सांगतो. पण ज्याच्यामुळे अंतर पडते आणि ज्याच्यामुळे ते भरून निघते, त्या दोन्ही गोष्टी तुमच्या पत्रातच आहेत. स्वयंपाकघरात रडून झाल्यावर परत खोलीत जाऊन सासूबाईंना ‘आई, चुकले माझे’ असे म्हणता येते का, ते पाहा. त्यांना बोलता येत नसले तरी ऐकू येत असेल. देवाकडे केलेली पापकबुली आणि त्या खाटेपाशी मागितलेली क्षमा, या दोहोंत फार फरक करू नका. शिवाय काही गोष्टी पाप नसून थकवा असतात. एलीया संदेष्टा रोतेमाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, त्याला खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले, आणि परत उठवून पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतरचे आहे. झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर डॉक्टरांकडे जाणे हाही विश्वासाचाच भाग समजा.

आणि ‘नेमके काय करायचे’ या तुमच्या शब्दांना उत्तर द्यायलाच हवे. सकाळी एक तास मनन, हा नमुना चांगला आहे, पण तो पवित्र शास्त्राने सर्वांना घालून दिलेला नियम नव्हे. नहेम्या हा राजाचा प्यालेबरदार होता. राजाने त्याला ‘तुझी काय विनंती आहे?’ असे विचारले आणि नहेम्याने उत्तर दिले. या दोहोंच्या मध्ये, ‘मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली’ असे तो लिहितो. राजा समोर थांबलेला असताना ती प्रार्थना किती लांब असेल? पूर्वेकडील मंडळ्यांत शतकानुशतके एक छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हटली जाते : ‘हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तुमच्या वेळापत्रकात कूस बदलण्याच्या जेवढ्या खुणा आहेत, तेवढ्या वेळा ती म्हणा. वेगळी वेळ काढायची गरज नाही. जमेल तेव्हा सासूबाईंच्या उशाशी एखादे जुने मराठी गीत गा. तुमचा आवाज त्या खोलीत नको असेल, असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट तुम्हांला कठीण जाईल. मंडळीतील दोन भगिनींना आठवड्यातून एकदा तीन तास सासूबाईंपाशी बसायला सांगा, आणि ते तीन तास उपासनेला जायचे की झोपायचे, हे तुम्ही ठरवा. पाळकसाहेबांना प्रभुभोजन घरी आणण्याची विनंती करा. आजारी सभासदासाठी ते आणतातच, आणि त्या दिवशी ती भाकर तुम्हांलाही त्या खाटेपाशी मिळेल. जो सेवक दर रविवारी ‘जवळ राहा’ असे सांगतो, त्याला तुमच्या घराचा जिना चढायला लावण्यात गैर काही नाही.

प्रश्न : मी खडकीचा असून वय 61 आहे. चार वर्षांपूर्वी मंडळीच्या कार्यकारिणीत हिशेबावरून भांडण झाले, मला नाही नाही ते बोलले गेले, आणि तेव्हापासून मी उपासनेला जात नाही. घरी रोज दोन वेळा शास्त्रवाचन व प्रार्थना करतो, रविवारी उपासना मोबाइलवर पाहतो. देवाशी माझे नाते पूर्वीपेक्षा चांगले आहे. माणसे मध्ये आली नाहीत तर देवाजवळ राहणे सोपे जाते, हे बरोबर ना?

उत्तर : आदरणीय बंधू, सोपे जाते हे बरोबर आहे. मला खटकतो तो तुमच्या वाक्यातला ‘मध्ये’ हा शब्द. माणसे आपल्या आणि देवाच्या मध्ये येतात, असे आपल्याला वाटते; येशूने मात्र एकदा उलटेच सांगितले. वेदीपाशी दान घेऊन उभा असलेल्या माणसाला भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असल्याचे आठवले, तर त्याने दान तेथेच ठेवावे आणि आधी जाऊन समेट करावा. म्हणजे वेदीपर्यंत पोचलेल्या माणसालाही तो भावाच्या घराकडे परत पाठवतो. डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करीत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही, असे योहानही आपल्या पत्रात लिहितो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. तो कधीच घर सोडून गेला नव्हता. रोज बापाच्या शेतात राबत होता आणि त्याची एकही आज्ञा मोडली नसल्याचे त्याने स्वतःच सांगितले. गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून तो अंगणात थांबला, कारण आत बापाची मालमत्ता उधळून परत आलेला ‘तो’ धाकटा भाऊ होता. बाप बाहेर येऊन त्याला म्हणतो, ‘बाळा, तू तर नेहमीच माझ्याबरोबर आहेस.’ जवळीक नाकारलेली नाही. फक्त आत जायचे असेल तर त्याच दाराने जावे लागणार होते, आणि आत तो नकोसा भाऊ पाटावर बसलेला होता. पुढे तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही.

मात्र माझे बोलणे अर्धवट घेऊ नका. हिशेबात खरोखर गैरव्यवहार झाला असेल तर ‘क्षमा करा आणि गप्प बसा’ असे मी म्हणणार नाही. तो प्रश्न लेखी स्वरूपात, साक्षीदारांसह, वरिष्ठांपुढे मांडणे हे तुमचे कर्तव्य आहे. त्या मंडळीत परत पाऊल टाकणे अशक्य असेल तर दुसऱ्या मंडळीत जा. पुण्यात देवालयांची वाण नाही. परंतु मोबाइलवरच्या उपासनेत शेजारी बसलेला माणूस खोकत नाही, सूर चुकवत नाही, आणि तुमची चार वर्षांची गैरहजेरीही त्याच्या लक्षात येत नाही. आपले एकत्र मिळणे सोडू नका, असे इब्री लोकांस पत्राचा लेखक सांगतो, तेव्हा ते तसल्याच शेजाऱ्याला उद्देशून आहे आणि तुम्हांलाही. एक छोटी सूचना करतो. ज्यांनी तुम्हांला बोलले त्यांपैकी सर्वांत कमी बोललेल्या माणसाच्या घरी नाताळच्या फराळाचा डबा घेऊन जा. हिशेबाचा विषय त्या दिवशी काढू नका.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. बायबलच्या ॲपवर माझे सलग 212 दिवस वाचन झाले होते. एका प्रकल्पाच्या धावपळीत एक दिवस चुकला आणि आकडा शून्यावर आला. तेव्हापासून ॲप उघडायचीच इच्छा होत नाही. देवापासून दूर गेल्यासारखे वाटते.

उत्तर : बेटा, आकडा ॲपने शून्यावर आणला आहे. पहिल्या उत्तरात ‘राहणे’ या शब्दाविषयी लिहिले आहे, ते तूही वाच. एक रात्र घराबाहेर काढली म्हणून कोणाचा पत्ता बदलत नाही. त्या 212 दिवसांत वाचलेले वाया गेले, असे समजण्याचेही कारण नाही. मोजणी बंद करण्याची सोय असेल तर ती बंद कर, नसेल तर काही महिने छापील पवित्र शास्त्र घे. खंड पडला तेथूनच पुढे सुरू कर, बुडालेला अध्याय भरून काढण्याच्या नादी लागू नकोस. तो नियमांनी भरलेल्या लेवीय या पुस्तकातला असेल तर माझी पूर्ण सहानुभूती आहे. माझी स्वतःची गाडी तेथे तीनदा अडकली होती.